हातमोजे घातले होते का?



फवारा मारता मारता एखादा गडी चक्कर येऊन वावरात पडतो. त्याला कोणाच्या तरी मोटारसायकलवर मधे बसवून दवाखान्यात नेतात. तिथे त्याला विचारला जाणारा पहिला प्रश्न ठरलेला आहे : हातमोजे घातले होते का? दुसरा प्रश्न : तोंडाला काही बांधले होते का? तिसरा : वारा कुठल्या अंगाने होता? डॉक्टर विचारतात, कृषी खात्याचा माणूस विचारतो, वर्तमानपत्रवाला विचारतो. औषध कोणते होते, कोणी विकले, पक्के बिल दिले का, डब्यावरचे मराठी माणसाला वाचता येईल एवढ्या अक्षरात छापले होते का, हे विचारण्याची पाळी शेवटी येते. बहुतेक वेळा येतच नाही.

म्हणजे विष बनवणारा सुटला, विकणारा सुटला, विक्रीला परवानगी देणारा सुटला. आणि ज्याच्या अंगावर ते सांडले तोच आरोपी. हा प्रश्न उलटा कसा करायचा यासाठी हा लेख आहे. निमित्त कीटकनाशकाचे नाही, तणनाशकाचे आहे.

कीटकनाशकाने काय होते ते आपण पाहिलेले आहे. वर्धा नदी ओलांडली की यवतमाळ जिल्हा. तिथे २०१७ साली जुलैपासून नोव्हेंबरपर्यंत फवारणीच्या विषबाधेने वीसच्या वर माणसे गेली, आठशेच्या वर दवाखान्यात दाखल झाली. त्या वर्षी पऱ्हाटी छातीच्या वर वाढली होती. फवारा मारणारा माणूस स्वतःच केलेल्या ढगातून चालत होता. गुलाबी बोंडअळी बीटीला जुमानत नव्हती, म्हणून एकाच टाकीत दोन-दोन, तीन-तीन औषधे आणि वर टॉनिक. सरकारने विशेष तपास पथक नेमले. नोव्हेंबर महिन्यात प्रोफेनोफॉस-सायपरमेथ्रीनचे मिश्रण, फिप्रोनील-इमिडाक्लोप्रिडचे मिश्रण, ॲसिफेट, डायफेन्थ्युरॉन आणि मोनोक्रोटोफॉस या पाच औषधांवर यवतमाळ, अमरावती, अकोला, वाशीम आणि बुलढाणा या जिल्ह्यांत साठ दिवसांची बंदी आली. वर्धा त्या यादीत नव्हता. नदीच्या अलीकडे तेच औषध गुणकारी होत असावे! साठच दिवस का, तर १९६८ च्या कीटकनाशक कायद्याच्या कलम २७ प्रमाणे राज्य सरकारला तेवढाच हात आहे. फार तर आणखी तीस दिवस वाढवता येतात. कायमची बंदी दिल्लीहून यावी लागते. मोनोक्रोटोफॉसबद्दल दिल्लीने आदेश काढला तो २०२३ साली. त्याच विषाने २०१३ मध्ये बिहारच्या सारण जिल्ह्यात शाळेतल्या दुपारच्या जेवणातून २३ लेकरे गेली होती. मधे दहा वर्षे लोटली.

यवतमाळने आपल्याला निदान कीटकनाशकाची भीती शिकवली. तणनाशकाची ती भीतीही नाही. ‘ते तं गवताचं औषध हाय जी, माणसाले काय करते?’ असे आपलाच माणूस म्हणतो, आणि उघड्या हाताने टाकी ढवळतो. कृषी केंद्राचा मालकही हेच सांगतो. म्हणून आधी हे गवताचे औषध जिथे घरोघरी मारतात त्या देशात काय झाले ते पाहू.

अमेरिकेत घरापुढे हिरवळ राखणे ही इभ्रतीची गोष्ट आहे. आपल्याकडे सणाला अंगण सारवलेले असावे, तशी तिकडे एकसारखी कापलेली हिरवळ बाराही महिने असावी लागते. तिच्यात ढोर चरत नाही, तिचे कुटार होत नाही, ती कोणी सोंगत नाही. तरी तिच्यात एखादे रुंद पानाचे रोपटे उगवले की शेजारी नाव ठेवतात, आणि घरमालक पंप घेऊन निघतो. त्या पंपात पिढ्यान् पिढ्या जी औषधे गेली त्यांतली दोन मोठी नावे म्हणजे ग्लायफोसेट आणि टू-फोर-डी. आपल्या आर्वीच्या, हिंगणघाटच्या, समुद्रपूरच्या दुकानातल्या फळीवरही हीच दोन नावे आहेत. तिकडे शोभेसाठी, इकडे पोटासाठी. पण डब्यातले द्रव्य एकच.

कॅलिफोर्नियात ड्वेन जॉन्सन नावाचा एक माणूस शाळांच्या मैदानांची निगा राखायच्या नोकरीवर होता. पाठीवर पंप, हातात नळी, काम गवतावर ग्लायफोसेट मारायचे. आपल्याकडच्या रोजाने फवारणाऱ्या गड्यासारखाच. एकदा नळी तुटून तो औषधाने पार भिजला. पुढे त्याला लसिका ग्रंथींचा कर्करोग झाला. त्याने मोन्सँटो कंपनीवर दावा लावला आणि १० ऑगस्ट २०१८ रोजी तिथल्या ज्यूरीने त्याला २८ कोटी ९० लाख डॉलर भरपाई द्यावी असा निकाल दिला. अपिलात ती रक्कम सुमारे २ कोटी ५ लाख डॉलरवर आली, पण कंपनी दोषी हा निकाल टिकला. रकमेचे सोडा. तिथे कोणता प्रश्न विचारला गेला ते ध्यानात घ्या. त्या माणसाने हातमोजे घातले होते का, हा तिथला मुख्य प्रश्न नव्हता. धोका असू शकतो हे कंपनीने त्याला सांगितले होते का, हा होता.

मोन्सँटो तोवर जर्मनीच्या बायर कंपनीने विकत घेतली होती. असे हजारो दावे उभे राहिले तेव्हा बायरने २०२० मध्ये तडजोडीसाठी १० अब्ज डॉलरच्या आसपास रक्कम देण्याचे जाहीर केले, आणि जुलै २०२१ मध्ये सांगितले की अमेरिकेतल्या घरगुती हिरवळीच्या मालातून २०२३ पासून ग्लायफोसेट काढून टाकू. आमचे औषध सुरक्षितच आहे, फक्त कोर्टकचेरी टाळायची आहे, असे कंपनीचे म्हणणे. मी म्हणतो, कंपनीचा शब्द खरा धरा. तरी त्याचा अर्थ काय निघतो? जिथे बाधा झालेला माणूस कोर्टात जाऊ शकतो तिथून माल काढून घ्यायचा. जिथे तो जाऊ शकत नाही तिथे?

शास्त्राचा वाद अजून मिटलेला नाही, हेही सांगितले पाहिजे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने मार्च २०१५ मध्ये ग्लायफोसेटला ‘माणसात बहुधा कर्करोगकारक’ या वर्गात टाकले. अमेरिकेचे पर्यावरण खाते मात्र तसे मानत नाही, आणि युरोपने २०२३ मध्ये या औषधाची मुदत दहा वर्षांनी वाढवली. मी कृषी पदवीधर आहे. ग्लायफोसेट हे मोनोक्रोटोफॉससारखे तासाभरात माणूस आडवा करणारे विष नाही, हे मला ठाऊक आहे आणि तसे म्हणून कोणाला घाबरवणार नाही. पण युरोपात ज्या औषधाला दहा वर्षे मिळाली ते तिथे ट्रॅक्टरच्या बंद केबिनमध्ये बसून मारतात. आपल्याकडे ते पाठीवरच्या गळक्या पंपातून, अनवाणी पायांनी, गुडघ्याएवढ्या ओल्या गवतातून चालत मारतात. आमच्या पाठ्यपुस्तकात तणनाशकाची मात्रा हेक्टरी दिलेली असे. फवारणाऱ्याच्या अंगावर त्यातली किती जाते याचा रकाना त्या पुस्तकात नव्हता.

आता आपल्या वावरात या.

ग्लायफोसेटची आपल्या देशातली नोंदणी चहाच्या मळ्यांसाठी आणि बिनपिकाच्या जागेसाठी आहे. पऱ्हाटीसाठी नाही. २१ ऑक्टोबर २०२२ च्या अधिसूचनेने तर केंद्र सरकारने असे ठरवले की हे औषध फक्त कीड-नियंत्रणाचा व्यवसाय करणाऱ्या परवानाधारकानेच मारावे. आता आष्टी-कारंजाच्या कुठल्या खेड्यात असा परवानाधारक राहतो? शहरात घराची उधई मारायला येतो तो माणूस तुमच्या वावरात येणार आहे का? असा कायदा करणाऱ्याला ठाऊक असते की तो पाळला जाणार नाही. पाळला गेला नाही की दोष पुन्हा कास्तकाराचा. डब्यावर ‘पिकात वापरू नये’ असे लिहिले की कंपनी मोकळी, आणि तोच डबा जूनमध्ये पऱ्हाटीच्या बियाण्याच्या बाजूला मांडून ठेवला की दुकानदार मोकळा.

तणनाशक सोसणाऱ्या कपाशीच्या बियाण्याबद्दल चळवळीत मतभेद आहेत. केंद्राची मान्यता नसताना जून २०१९ मध्ये शेतकरी संघटनेने अकोट तालुक्यात अकोली जहांगीर इथे ते जाहीरपणे पेरले. कोणते बियाणे पेरायचे हे शेतकऱ्याने ठरवावे, या म्हणण्यात मला काही गैर दिसत नाही. पण बियाण्याचे स्वातंत्र्य मागताना त्या बियाण्याच्या मागे बांधून येणाऱ्या औषधाचा हिशेब कोणी देणार की नाही? चोरून विकलेल्या पाकिटाला बिल नाही. बिल नाही म्हणजे उगवले नाही तर तक्रार नाही, आणि त्यात साधे बियाणे मिसळलेले असले तर फवाऱ्यानंतर अर्धी पऱ्हाटी गवतासोबत जळाली तरी दाद नाही.

टू-फोर-डीची गोष्ट वेगळी. ते ज्वारीत, गव्हात रुंद पानाच्या तणासाठी मारतात. ज्वारी गवताच्या जातीची असल्यामुळे तगते. पण पऱ्हाटीइतके या औषधाला हळवे पीक दुसरे नसेल. शेजाऱ्याने ज्वारीत मारले आणि वारा तुमच्याकडे असला, की आठवड्याभरात तुमच्या पऱ्हाटीची पाने भेंडीच्या पानासारखी कातरलेली दिसू लागतात, शेंडा आखडतो, पात्या गळतात. याचा ईस्टर नावाचा प्रकार तर उन्हाने वाफ होऊन उडतो. मारताना वारा नव्हता म्हणून भागत नाही. ज्या पंपाने ते मारले त्याच पंपाने पऱ्हाटीत कीटकनाशक मारले, तर पंपाच्या नळीत राहिलेला अंशही पुरतो. पंप दोनदा धुतला तरी विश्वास ठेवू नका. या औषधाचा पंप वेगळा ठेवा आणि त्यावर रंगाने खूण करा. पऱ्हाटीचा असा नमुना पाहून पुष्कळांनी ‘व्हायरस आला’ म्हणून वर आणखी दोन फवारे मारले आहेत. व्हायरस शेजारच्या पंपात होता. धुऱ्यावरून भांडणे आपल्याकडे थोडी आहेत का, की त्यात ही भर?

ज्वारीतले ॲट्राझीन पेरणीनंतर, उगवण्यापूर्वी मारतात. ते जमिनीत टिकते आणि पाण्यासोबत खाली उतरते. विहिरींच्या आणि भूजलाच्या पाण्यात सापडते म्हणून युरोपने २००३-०४ मध्ये ते बंद करण्याचा निर्णय घेतला. आपण तर ज्वारीच्या वावरातल्या विहिरीचेच पाणी पितो. त्यातही माझा मोठा आक्षेप दुसरा आहे. ॲट्राझीन मारलेल्या वावरात मूग, उडीद, तूर उगवून येत नाही किंवा पिवळी पडून जळते. म्हणजे ज्वारीत मुगाच्या ओळी टाकायच्या की नाही हे आता कास्तकार ठरवत नाही, डबा ठरवतो. आपल्या आजोबांनी कोरडवाहूत मिश्र पीक धरले ते हौस म्हणून नव्हते. एक गेले तर दुसरे हाती लागावे म्हणून. ती तजवीज एका फवाऱ्यात जाते.

आणि पॅराक्वाट. धुरे जाळायला स्वस्त पडते आणि दुसऱ्या दिवशी गवत पिवळे दिसते, म्हणून खपते. यावर उतारा नाही. ऑर्गॅनोफॉस्फरस विषाला दवाखान्यात ॲट्रोपिन तरी असते. पॅराक्वाट पोटात गेले तर डॉक्टर हात टेकतात, फुप्फुसे आणि मूत्रपिंडे निकामी होत जातात. अंगावर जखम असली तर तिच्यातूनही ते आत शिरते. स्वित्झर्लंडने ते १९८९ पासून बंद केले, युरोपात २००७ पासून बंद आहे. मात्र इंग्लंडातल्या हडर्सफील्डच्या कारखान्यात ते पुढेही बनत राहिले, बाहेरच्या देशांत पाठवण्यासाठी. असले डबे घरात ठेवूच नका. ठेवायचेच झाले तर वावरात कुलूपबंद पेटीत ठेवा आणि किल्ली घरातल्या बाईकडे द्या. श्रीलंकेने सर्वांत जहाल कीटकनाशके आणि नंतर पॅराक्वाट टप्प्याटप्प्याने बंद केली. १९९५ नंतरच्या वीस वर्षांत तिथले आत्महत्यांचे प्रमाण सुमारे ७० टक्क्यांनी उतरले, आणि शेती बुडाली नाही. रागाच्या, निराशेच्या एका घटकेला हाताशी डबा नसला तर माणूस वाचतो, एवढी ही साधी गोष्ट आहे. विदर्भातल्या माणसाला याहून जास्त सांगायची गरज नसावी.

धुऱ्याबद्दल थोडे सविस्तर बोलले पाहिजे, कारण तिथेच सर्वांत विनाकारण फवारणी चालली आहे. धुरा म्हणजे वाया गेलेली जागा, असे कंपनीच्या माणसाने आपल्या डोक्यात भरवले. धुऱ्यावर हराळी असते, पवन्या असतो. त्याच्या मुळ्या काळी माती धरून ठेवतात. गवत जाळले की पहिल्या झडीत धुरा फुटतो आणि वावरातली माती नाल्यात जाते. श्रावणात बैलांचा चारा धुऱ्यावरून येतो. भूमिहीन माणसाच्या दोन शेळ्या धुऱ्यावर जगतात. तरोटा, चिवळ, केना, घोळ ही भाजी आपल्या बाया वावरातून येताना ओटीत खुडून आणतात. ज्या धुऱ्यावर परवा फवारा गेला तिथला तरोटा आज हिरवाच दिसतो, कारण ग्लायफोसेटने पान पिवळे पडायला आठवडा लागतो. ती भाजी संध्याकाळी लेकरांच्या ताटात पडते. हे विष कोणी मोजले? ढालकिडे आणि क्रायसोपा हे मावा-तुडतुडे खाणारे मित्रकिडेही पऱ्हाटीत यायच्या आधी धुऱ्यावर आणि ज्वारीत वाढतात. ज्वारी आपल्या जिल्ह्यातून आधीच उठत चालली. धुरेही जाळले तर ते येतील कुठून? मग माव्यासाठी आणखी एक डबा.

आता तुम्ही म्हणाल, ‘भाऊ, सारं खरं; पण निंदाले बाया भेटत नाही, अन् भेटल्या तं रोज परवडत नाही.’ खरे आहे, आणि हा प्रश्न टाळून जो कोणी तणनाशकाविरुद्ध उपदेश करतो त्याने एकदा स्वतःच्या खिशातून निंदण करून पाहावे. हिशेब मांडा. एकराला दहा बाया धरा, तीनशे रुपये रोज धरा. एका निंदणाचे तीन हजार, दोन निंदणांचे सहा हजार. तणनाशक फवारणीच्या मजुरीसकट याच्या पाव खर्चात होते. लांब धाग्याच्या कापसाचा २०२५-२६ चा हमीभाव ८,११० रुपये क्विंटल. म्हणजे पाऊण क्विंटल कापूस नुसता निंदणात जातो, आणि कोरडवाहूत एकरी पिकतो तरी किती? कास्तकार तणनाशकाकडे आळसाने वळलेला नाही, भावाने त्याला तिकडे ढकलले आहे. बाईच्या घामाचा मोबदला कापसाच्या भावात धरला जात नाही, म्हणून बाईच्या जागी डबा आला. डबा स्वस्त पडतो, कारण त्याचा अर्धा खर्च दुकानात मोजावा लागत नाही. तो दवाखान्यात, विहिरीत आणि शेजाऱ्याच्या वावरात मोजला जातो.

माझे म्हणणे असे नाही की उद्यापासून कोणी तणनाशकाला हात लावू नये. पऱ्हाटीचे पहिले दोन महिने आणि ज्वारीचा पहिला सव्वा महिना तणापासून सांभाळला की पुढे पीकच गवताला दाबते. वाफसा येताच डवरा घातला, ओळीतले तेवढे निंदले, तर खर्च निम्म्यावर येतो. बैल नाहीत त्यांनी सायकल डवरा पाहावा. सेलसुऱ्याच्या कृषी विज्ञान केंद्रात जाऊन विचारा. आठ-आठ दिवस झड लागून राहिली, वाफसाच आला नाही, तर कास्तकार डबा आणणार, हे मी जाणतो. पण धुऱ्यावर, विहिरीच्या काठावर, पांदणीवर आणि शाळेच्या आवारात मारायला कोणती झड आडवी येते? आणि निंदणाच्या मजुरीत सरकारने रोजगार हमीच्या पैशातून वाटा उचलावा, ही मागणी आपण सोडता कामा नये. रस्त्याच्या कडेला गिट्टी टाकण्याला जे काम म्हणता त्याहून पऱ्हाटीतले निंदण कमी काम आहे काय?

पंप पाठीवर घेणारा माणूस पुष्कळदा कास्तकार नसतो. तो टाकीमागे पैसे घेणारा, स्वतःची जमीन नसलेला मजूर असतो. २०१७ साली यवतमाळात मेलेल्यांत असे मजूर पुष्कळ होते. आता गंमत बघा. गोपीनाथ मुंडे यांच्या नावाच्या शेतकरी अपघात सानुग्रह योजनेत कीटकनाशके हाताळताना झालेली विषबाधा हा अपघात धरला आहे आणि मृत्यू झाल्यास दोन लाख रुपये आहेत. पण ते सातबाऱ्यावर नाव असलेल्याला आणि त्याच्या घरातल्या एका माणसाला. ज्याच्या पाठीवर पंप आहे त्याचे नाव सातबाऱ्यावर नाही. विष अंगावर घेताना तो शेतीतला माणूस, आणि पैसे घ्यायची वेळ आली की तो शेतकरी नव्हे. आपल्या वावरात राबताना पडलेल्या माणसासाठी आपण कास्तकारांनीच ही मागणी लावून धरली नाही तर ती दुसरे कोण धरणार?

बाहेरच्या देशात दाद मागण्याचाही प्रयत्न झाला आहे. यवतमाळच्या दोन मृतांच्या घरच्यांनी आणि वाचलेल्या एका शेतकऱ्याने डायफेन्थ्युरॉन बनवणाऱ्या सिंजेंटा कंपनीविरुद्ध स्वित्झर्लंडमध्ये बासेलच्या न्यायालयात २०२१ मध्ये दावा लावला. आपल्या औषधाने हे झाले हे कंपनीला मान्य नाही. निकाल काही लागो. पण त्या देशात हे औषध वापरायला मनाई असताना ते आपल्याकडे पाठवले जात होते, ही गोष्ट त्यामुळे तिथल्या वर्तमानपत्रांत आली. २०२१ च्या जानेवारीपासून स्वित्झर्लंडने डायफेन्थ्युरॉन, प्रोफेनोफॉस, पॅराक्वाट आणि ॲट्राझीन धरून पाच औषधांची निर्यात बंद केली. ही चारही नावे वर येऊन गेली आहेत, तुमच्या ध्यानात असतील.

कायदा दिल्लीत होतो, कंपनी परदेशात, मग आपल्या हाती काय? यावर कॅनडातल्या हडसन या छोट्या गावाची हकीकत सांगतो. तिथेही हिरवळीचेच प्रकरण. गावातल्या त्वचारोगाच्या एक डॉक्टरबाई, जून अर्विन त्यांचे नाव, गावसभेला दर वेळी जाऊन हिरवळीच्या औषधांबद्दल प्रश्न विचारत. शेवटी १९९१ मध्ये गावाच्या कारभाऱ्यांनी ठराव केला की नुसत्या शोभेसाठी गावात असली औषधे मारायची नाहीत. हिरवळीचा धंदा करणाऱ्या दोन कंपन्या कोर्टात गेल्या. गावाला हा अधिकारच नाही, असे त्यांचे म्हणणे. प्रकरण देशाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि २८ जून २००१ रोजी गाव जिंकले. पुढे क्युबेक आणि ऑन्टारिओ या दोन मोठ्या प्रांतांनी प्रांतभर तसे नियम केले.

आपल्या ग्रामपंचायतीला औषधाच्या विक्रीवर बंदी घालता येत नाही. ती खोटी आशा मी दाखवणार नाही. पण शाळेचे आवार, अंगणवाडी, सार्वजनिक विहिरीचा परिसर, गावठाण, पांदण, स्मशानभूमी ही पंचायतीच्या देखरेखीतली जागा आहे, आणि तिथे गवत काढायला तणनाशक मारायचे की चार माणसांना दोन दिवसांचा रोज द्यायचा, हे ठरवणे गावाच्या हातात आहे. पावसाळ्यात १५ ऑगस्टच्या आधी झेंड्यासाठी शाळेचे मैदान साफ करतात. कित्येक ठिकाणी ते आता फवारून करतात, आणि दुसऱ्या दिवशी लेकरे त्यावर अनवाणी उभी असतात. हा ठराव मांडायला कोणाची परवानगी लागत नाही.

जिल्हा बैठकीपुढे मी पुढील गोष्टी ठेवणार आहे, त्या आधीच आपापल्या गावात बोलून घ्या.

कृषी केंद्राने प्रत्येक डब्याचे पक्के बिल द्यावे, त्यावर औषधाचे मूळ नाव आणि बॅच क्रमांक असावा. उधारीवर माल घेणाऱ्यालाही बिल मिळाले पाहिजे; बिल नसेल तर कोणत्याही चौकशीत आपण उघडे पडतो. फवारणी करणाऱ्या भूमिहीन मजुराला अपघात योजनेत घ्यावे, सातबाऱ्याची अट काढावी. रक्तातली कोलिनेस्टरेज तपासणी आणि पुरेसे ॲट्रोपिन आर्वी-हिंगणघाटच नव्हे तर समुद्रपूर, आष्टी, कारंजाच्या रुग्णालयातही फवारणीच्या हंगामात हाताशी असावे. सेवाग्राम आणि सावंगी अशी दोन वैद्यकीय महाविद्यालये ज्या जिल्ह्यात आहेत तिथे ‘तज्ज्ञ नाहीत’ हे उत्तर चालणार नाही. पॅराक्वाटच्या बंदीसाठी केंद्राकडे ठराव जावा. आणि विषबाधेची प्रत्येक घटना नोंदवताना औषधाचे नाव, कंपनी, विक्रेता आणि बॅच हे रकाने आधी भरावे; हातमोज्यांचा रकाना शेवटी.

तोवर, कोणाला बाधा झाली तर भिजलेले कपडे ताबडतोब काढा, अंग साबणाने धुवा, उलटी करवू नका, दूध-तेल पाजू नका, १०८ ला फोन करा आणि डबा सोबत न्या. लेबल फाटले असेल तरी न्या. उपचार औषधाच्या नावावर अवलंबून असतो, आणि ‘गवताचं औषध होतं’ एवढ्यावरून डॉक्टरला काही कळत नाही.

बैठकीला येताना या हंगामात घेतलेल्या औषधांची जी काही बिले, कच्च्या चिठ्ठ्या, रिकाम्या डब्यांची लेबले घरात असतील ती सोबत आणा. डबे आणू नका. तालुकावार त्यांची यादी करून ती जिल्हा कृषी अधिकाऱ्यांच्या टेबलावर ठेवायची आहे.